'पुरळ नाही हो, चट्टे आहेत': मुलांच्या इसबावर अभ्यास करणाऱ्या मुंबईतल्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे त्वचारोग आणि बालरोग विभाग, तिथे एमडीचा प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आणि त्या प्रबंधांना मंजुरी देणाऱ्या समित्या यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. गेली अठरा वर्षं मी मुंबईत घरोघरी फिरून आरोग्य सर्वेक्षणाचे फॉर्म भरते. विक्रोळी, घाटकोपर, गोवंडी, मानखुर्द, कधी धारावी, कधी लालबागच्या चाळी. तुमच्या अहवालात 'प्रशिक्षित मुलाखतकारांनी पालकांना प्रश्न विचारले' असं एक वाक्य असतं, त्यातली मुलाखतकार म्हणजे मी आणि माझ्यासारख्या बायका. त्या वाक्याच्या आत काय घडतं ते तुम्हाला सांगावं, म्हणून हे पत्र. विषय एकच आहे: लहान मुलांचा इसब, ज्याला तुम्ही अ‍ॅटोपिक डर्माटायटिस म्हणता, आणि तो 'आहे' की 'नाही' हे ठरवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या दम्यावर आणि अ‍ॅलर्जीवर एक सर्वेक्षण होतं. कुणाचं ते महत्त्वाचं नाही. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात एका घरी गेले. दुपारची वेळ, आई भाजी निवडत बसलेली, सहा वर्षांचा मुलगा जमिनीवर पालथा पडून चित्र रंगवत होता. मी छापील प्रश्न वाचला: 'तुमच्या मुलाला कधी किमान सहा महिने, अधूनमधून येणारी-जाणारी, खाज सुटणारी पुरळ आली होती का?'

'पुरळ? नाही हो ताई.'

मी 'नाही'वर खूण केली. फॉर्ममध्ये पुढे लिहिलेलं होतं, उत्तर 'नाही' असल्यास मधले प्रश्न सोडा. म्हणजे कोपराच्या आत, गुडघ्यामागच्या लवणीत, मानेभोवती कधी येते का, हा प्रश्न विचारायचाच नाही. शेवटचा प्रश्न उरला: 'मुलाला कधी इसब झाला होता का?' आई म्हणाली, 'इसब माझ्या सासऱ्यांच्या पायाला होता. पाणी वाहायचं त्यातून. याला कसला इसब?' तिथेही 'नाही'.

तेवढ्यात मुलाने रंगखडू खाली ठेवला आणि कोपर दुमडून आतली बाजू पाटाच्या कडेवर घासायला लागला. न बघता, सवयीने, जसं एखादं मूल अंगठा चोखतं तसं. मी वाकून बघितलं. लवणीतली कातडी काळपट आणि जाड झाली होती, रेषा खोल गेल्या होत्या, मधे एक भेग ओली होती. आईला म्हटलं, 'अहो, हे काय?' ती सहज म्हणाली, 'ते होय? ते चट्टे आहेत. बाळ असल्यापासूनचे. थंडीत वाढतात, रात्री झोपू देत नाहीत. तुम्ही पुरळ विचारलंत ना? पुरळ म्हणजे बारीक दाणे.'

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मराठीत पुरळ म्हणजे बारीक दाणेच. पण आम्हाला प्रशिक्षणात बजावलेलं होतं की प्रश्नाचे शब्द बदलायचे नाहीत आणि स्वतःहून समजावून सांगायचं नाही, नाहीतर प्रत्येक मुलाखतकार वेगळा प्रश्न विचारेल. तो नियमही बरोबरच आहे. मी फॉर्म तसाच जमा केला. तो मुलगा तुमच्या टक्केवारीत निरोगी म्हणून बसलेला आहे.

त्याच सर्वेक्षणात गोवंडीला एक घर लागलं. आईने सगळ्याला 'हो' म्हटलं. खाज आहे, सहा महिने झाले, येते-जाते, कोपरात आहे, मांड्यांत आहे, रात्री मुलगी झोपत नाही. फॉर्मच्या हिशेबाने चांगला जोरदार इसब. पण त्या मुलीची आईही खाजवत होती, मांडीवरचं बाळही, आणि मुलीच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड होते. ती खरूज होती. घरातल्या सगळ्यांना एकदम औषध लावलं तर जाणारी. फॉर्ममध्ये 'घरात आणखी कुणाला खाज आहे का' असा प्रश्नच नव्हता, त्यामुळे ती मुलगी इसबाची रुग्ण म्हणून मोजली गेली.

या दोन घरांनी माझी झोप उडवली. एक मूल गळलं, एक चुकून आत आलं, आणि बेरीज तीच राहिली! टक्केवारी बघून कुणालाही वाटेल, सर्वेक्षण व्यवस्थित झालं. पण पुढे त्याच आकड्यांवरून कुणी शोधायला गेलं की कोणत्या मुलांना इसब होतो, घरात ओल असलेल्यांना की नसलेल्यांना, अंगावर प्यायलेल्यांना की वरचं दूध घेतलेल्यांना, तर तो चुकीच्या मुलांकडे बोट दाखवणार.

त्यानंतर मी वाचायला लागले. आमच्या सुपरवायझर मॅडमनी लेख दिले, शब्दकोश घेऊन बसले, आणि हळूहळू लक्षात आलं की भाषांतराचा घोटाळा ही वरची साल आहे. आत आणखी मोठी अडचण आहे. इसबाला रक्ताची अशी एकही चाचणी नाही की जी बघून ठामपणे 'आहे' म्हणता येईल. मधुमेहात साखर मोजतात, टीबीत जंतू शोधतात. इथे खाज, जागा, काळ आणि घराण्याचा इतिहास मिळून निदान होतं. मग कुणीतरी ठरवावं लागतं की यातलं किती जमलं म्हणजे इसब म्हणायचा. आणि हे ठरवणारे अनेक आहेत.

१९८० मध्ये हॅनिफिन आणि राजका या त्वचारोगतज्ज्ञांनी यादी केली: ४ मुख्य लक्षणं आणि २३ गौण. मुख्यपैकी किमान ३ आणि गौणपैकी किमान ३ जमली पाहिजेत. गौण लक्षणांत डोळ्यांखालची घडी आहे, तळहातावरच्या जास्तीच्या रेषा आहेत, चेहऱ्यावरचे पांढुरके डाग आहेत, लोकर सहन न होणं आहे, घाम आला की खाज सुटणं आहे. वॉर्डात तज्ज्ञ डॉक्टर मूल समोर बसवून तपासतात तेव्हा ही यादी उपयोगाची आहे. मी चाळीच्या जिन्यात उभी राहून २३ गोष्टी तपासू शकत नाही. शिवाय मुंबईतल्या मुलाला लोकर सोसत नाही हे त्याच्या आईला कळणार कधी? आणि मे महिन्यात घामाने खाज सुटत नाही असं मूल मला अजून भेटलेलं नाही.

ही अडचण ओळखून ब्रिटनमध्ये हायवेल विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ती यादी छाटून छोटी केली. तिला यूके वर्किंग पार्टीचे निकष म्हणतात. गेल्या १२ महिन्यांत खाज असलीच पाहिजे, आणि पाचपैकी तीन गोष्टी: सांध्यांच्या लवणीत कधी झाल्याचा इतिहास, दमा किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी, वर्षभरात एकूण अंग कोरडं असणं, दोन वर्षांच्या आत सुरुवात, आणि तपासताना लवणीत प्रत्यक्ष दिसणं. चार वर्षांखालच्या मुलाला नियम थोडे बदलतात. सुरुवातीच्या वयाचा निकष लावत नाहीत, आणि मुलाच्या दम्याऐवजी आईवडिलांचा किंवा भावंडांचा दमा चालतो. म्हणजे तेच मूल साडेतीन वर्षांचं असताना एका यादीने तपासलं जातं आणि साडेचार वर्षांचं झालं की दुसऱ्या.

तिसरी पद्धत प्रश्नावलीची. १९९०च्या दशकात आयझॅक नावाचा जगभरचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात मुंबई, पुणे, अकोला इथली केंद्रंही होती. मी कन्नमवार नगरात वाचला तो प्रश्न मूळ त्यांचाच. त्यांच्या तिसऱ्या टप्प्याचे आकडे २००९ मध्ये छापून आले: ६-७ वर्षांच्या मुलांत गेल्या वर्षभरात इसबाची लक्षणं असण्याचं प्रमाण जोधपूरमध्ये ०.९ टक्के आणि इक्वेडोरच्या कितो शहरात २२.५ टक्के. पंचवीसपट फरक! यातला बराच खरा असेल. हवा वेगळी, राहणी वेगळी, जनुकं वेगळी. पण जोधपूरच्या घराघरांत आईने त्वचेच्या कोणत्या त्रासाला कोणता शब्द वापरला असेल, हा विचार हा आकडा वाचताना माझ्या मनातून जात नाही. जगाच्या नकाशावर भारत फिकट रंगात दिसतो, आणि त्या फिकटपणात माझ्या विक्रोळीच्या मुलासारखी किती मुलं असतील?

आयझॅकच्या लोकांनी स्वतःच ही शंका तपासून बघितली, याचं मला कौतुक वाटतं. दुसऱ्या टप्प्यात १८ देशांतली ८ ते १२ वर्षांची ३०,३५८ मुलं त्यांनी प्रश्नावलीनेही तपासली आणि प्रत्यक्ष कातडी बघूनही. प्रश्नावलीने सरासरी ९.४ टक्के मुलांना लवणीतला इसब निघाला, तपासणीत ३.९ टक्के. केंद्रांचा आपापसातला क्रम बराचसा जुळला, म्हणजे शहराशी शहराची तुलना करायला प्रश्नावली चालते. एकेका मुलाचं मात्र वेगळं. प्रश्नावलीने 'हो' ठरलेल्या मुलांपैकी तपासणीत न सापडलेल्यांचं प्रमाण कुठे ३३ टक्के होतं, तर कुठे चक्क १०० टक्के. त्यातल्या काहींचा इसब त्या दिवशी बसलेला असेल, कारण हा रोगच येणारा-जाणारा. 'कधीतरी झाला', 'वर्षभरात झाला' आणि 'आज आहे' हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याकडच्या प्रबंधांत ते एकाच कोष्टकात शेजारी शेजारी बसवलेले मी पाहिले आहेत.

हा फरक आपल्या देशातही मोजला गेलेला आहे. चंदीगडच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये एकाच रुग्णालयातल्या त्याच रुग्णांवर दोन्ही याद्या लावून बघितल्या. हॅनिफिन-राजकाच्या यादीने खऱ्या रुग्णांपैकी सुमारे ९६ टक्के पकडले, यूकेच्या यादीने सुमारे ८६ टक्के. उलट इसब नसलेल्यांना नाही म्हणण्यात यूकेची यादी किंचित सरस ठरली. रुग्ण तेच, डॉक्टर तेच, आणि शंभरातली दहा माणसं फक्त यादी बदलली म्हणून इकडची तिकडे झाली. रुग्णालयाच्या ओपीडीत जर असं, तर वस्तीत, जिथे बहुतेक मुलांचा इसब सौम्य असतो आणि सीमारेषेवरची मुलंच जास्त, तिथे काय होत असेल?

आता मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट. इसब झालेल्या मुलांना पुढे दमा होतो का, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार अभ्यासला जातो. आईबापांच्या दृष्टीनेही तो फार मोठा प्रश्न आहे. पण तुम्ही इसब ठरवताना यूकेची यादी लावलीत, तर त्या यादीत दमा हाच एक गुण आहे. ज्या मुलाला दमा आहे त्याला इसबाचा शिक्का मिळायला एक पायरी कमी चढावी लागते. मग शेवटी 'इसबाच्या मुलांत दमा जास्त आढळला' असं छापून येतं. त्यातलं किती मुलांनी सांगितलं आणि किती यादीने, हे वेगळं काढता येत नाही. हॅनिफिन-राजकाच्या यादीत स्वतःचा किंवा घराण्यातला अ‍ॅलर्जीचा इतिहास हे तर मुख्य लक्षण आहे, तेव्हा ती यादी लावून 'इसब आनुवंशिक दिसतो' असा निष्कर्ष काढला तर तेच होणार.

आयजीईचंही, म्हणजे अ‍ॅलर्जीत रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडाचंही, तसंच आहे. जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २००० नंतर सुचवलं की ज्याच्यात आयजीईची संवेदनशीलता सिद्ध होते त्यालाच 'अ‍ॅटोपिक' म्हणावं, बाकीच्याला नुसता एक्झिमा. दुसरीकडे फ्लोर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं की अ‍ॅटोपिक डर्माटायटिस म्हटल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी दोनतृतीयांशांपर्यंत लोकांत तशी संवेदनशीलता सापडतच नाही. हे मी पुस्तकी सांगत नाही. माझी धाकटी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा तिचे गाल आणि पाय सोलवटलेले असायचे, रात्री मी तिच्या हातात मोजे घालून झोपवायची. एका अभ्यासात तिचं नाव घेतलं, रक्त काढलं, आयजीई नॉर्मल आलं, आणि 'हिचा इसब या अभ्यासात बसत नाही' म्हणून आम्हाला परत पाठवलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात तीच मुलगी, तेच पाय, आणि तिथे तिला 'मध्यम ते तीव्र' गटात घेतलं. दोन्ही अभ्यासांच्या नावात 'मुंबईतील बालकांमधील अ‍ॅटोपिक डर्माटायटिस' असेच शब्द होते. पहिल्याच्या निष्कर्षात लिहिलं असेल की इसबाच्या सर्व मुलांना अ‍ॅलर्जी असते. असणारच, ज्यांना नाही त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. कुणी त्यावर विसंबून आईला सांगेल की दूध बंद कर, अंडं बंद कर, मासे बंद कर. माझ्या मुलीला मी सात महिने अंडं दिलं नाही. तिची वाढ त्या वर्षी मागे पडली.

चुकीच्या मुलांची भर पडली की खरा संबंधही कसा पुसट होतो, याचा एक हिशेब मी स्वतःसाठी मांडला होता, तो इथे देते. आकडे निव्वळ उदाहरणाचे. समजा घरात ओल असेल तर इसबाचं प्रमाण दुप्पट होतं: ओल असलेल्या घरांतल्या १०० मुलांपैकी २०, नसलेल्या घरांतल्या १०० पैकी १०. आता प्रश्नावली अशी की इसब नसलेल्या मुलांपैकी दर दहातल्या एकाला, खरूज, नायटा, घामोळं काहीही असलं तरी, इसबात ढकलते. ओलीच्या घरांत उरलेल्या ८० पैकी ८ वाढतील, झाले २८. कोरड्या घरांत ९० पैकी ९ वाढतील, झाले १९. दुपटीचा फरक दीडपटीच्याही खाली आला. अभ्यास लहान असेल तर तो फरक 'सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय नाही' म्हणून निकालात निघेल, आणि ओलीबद्दल कुणी बोलणार नाही. पालिकेकडे, घरमालकाकडे तक्रार घेऊन जाणाऱ्या आईच्या हातातला कागद गेला. २००६ मध्ये फिलाग्रिन या जनुकाचा इसबाशी संबंध सापडला तो इतका घट्ट होता की ढिसाळ व्याख्येतूनही दिसला असता. आपल्या वस्त्यांतली कारणं इतकी घट्ट नसतील. ती दिसायची तर गाळणी बारीकच हवी.

तेलाचा प्रश्न तुम्हाला प्रत्येक आई विचारते. मलाही विचारतात. जन्मल्यापासून अंगाला रोज काहीतरी स्निग्ध लावलं तर इसब टळतो का? २०१४ मध्ये अमेरिका-ब्रिटनमधल्या १२४ आणि जपानमधल्या ११८ नवजात बाळांवर दोन अभ्यास झाले आणि दोन्हींत फायदा दिसला. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर मोठा अभ्यास आला. तिथे दोन वर्षांच्या वयाला लावणारे आणि न लावणारे यांच्यात फरक निघाला नाही: २३ टक्के आणि २५ टक्के. एवढ्या फरकामागे व्याख्या हे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही, पहिले गट फार लहान होते. पण पहिल्या अभ्यासांनी सहा-आठ महिन्यांच्या वयापर्यंतच बघितलं होतं आणि शेवटच्याने यूकेचे निकष लावून दुसऱ्या वर्षाचा हिशेब केला. 'इसब टळला' आणि 'लावत आहोत तोवर दबलेला राहिला' या दोन गोष्टी आईसाठी एकसारख्या नाहीत, आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या यादीने मोजलं हे सांगितल्याशिवाय त्या वेगळ्या करता येत नाहीत.

याच धाग्याने आपल्या घरांत या. मुंबईत बाळाला मालिशवाली बाई येते, नाही तर आजी लावते. खोबरेल तेल, साय, डाळीचं पीठ. ज्या मुलाला पाच वर्षं रोज तेल लागलंय त्याच्या आईला 'अंग कोरडं असतं का' विचारलं तर ती 'नाही' म्हणणार, आणि यूकेच्या यादीतला एक गुण गेला. त्यात आपली दमट हवा. जून ते सप्टेंबर कातडी मऊ राहते, डिसेंबरात फुटते. सर्वेक्षण कोणत्या महिन्यात केलं हे अहवालात एका कोपऱ्यात असतं, कधी तेही नसतं. मग मेडिकलमधून आणलेलं मलम. बऱ्याच मलमांत स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध एकत्र असतं. तीन दिवस लावलं की चट्टा बसतो. चौथ्या दिवशी तुमचे निवासी डॉक्टर शाळेत तपासायला आले तर कोपर स्वच्छ! आठवड्याने तो पुन्हा उठतो.

आणि रंग. तीव्रता मोजायच्या स्कोराड, ईझी या पद्धतींत लालीला गुण असतात. सावळ्या मुलाच्या कातडीवर लाली लाल दिसत नाही. ती करडी, जांभळट, कधी नुसती काळपट दिसते. माझ्या विक्रोळीच्या मुलाच्या कोपरावर लाल काहीच नव्हतं. पुस्तकातला गोरा गाल डोळ्यांसमोर ठेवून तपासणाऱ्याला ते 'जुने डाग' वाटतील, आणि मूल सौम्य गटात जाईल. लंडनमध्ये कृष्णवर्णीय मुलांबाबत हे लक्षात आणून दिलं गेलं त्याला वीस वर्षं उलटली.

आता मागणं. तुम्ही नवी व्याख्या करावी असं मी म्हणत नाही, व्याख्या पुष्कळ आहेत. माझं म्हणणं आहे की मुलाचं प्रत्येक उत्तर जसंच्या तसं वेगळ्या रकान्यात ठेवा. खाज आहे का, कुठे आहे, कधीपासून, आज दिसतंय का, दमा आहे का, आईवडिलांना आहे का, अंग कोरडं आहे का, तेल लावता का, आठवड्यात कोणतं मलम लावलं, घरात आणखी कुणी खाजवतं का. आज बऱ्याच फॉर्मवर शेवटी 'एक्झिमा: हो / नाही' एवढाच रकाना संगणकात भरला जातो आणि बाकीचा कागद रद्दीत जातो. माहिती भरायला मी स्वतः बसलेली आहे, म्हणून सांगते. सगळी उत्तरं ठेवलीत तर उद्या कुणीही त्याच मुलांवर यूकेची यादी लावू शकेल, हॅनिफिन-राजकाची जमेल तेवढी लावू शकेल, आयझॅकची लावू शकेल, आणि परळच्या अभ्यासाची सायनच्या अभ्यासाशी तुलना करता येईल. निष्कर्ष प्रत्येक यादीने तोच येतो का, हे तुम्ही स्वतःच एका छोट्या कोष्टकात दाखवा. आला तर त्याच्यावर भरवसा दुप्पट. नाही आला तर ती माहिती त्याहून मोलाची. आणि दम्याशी संबंध तपासत असाल तेव्हा तरी दमा व्याख्येतून काढून हिशेब पुन्हा करा.

समित्यांना खास विनंती. प्रबंधाच्या आराखड्यात 'अ‍ॅटोपिक डर्माटायटिसचे निदान झालेली मुले' एवढंच लिहून आलं तर तो परत पाठवा. कोणी निदान केलं, कोणत्या यादीने, कोणत्या महिन्यात? आणि मराठी प्रश्न अक्षरशः परिशिष्टात छापायला लावा. इंग्रजी प्रश्न छापतात, आम्ही दारात जो वाचतो तो कुठेच छापलेला नसतो.

त्या मराठी प्रश्नाबद्दल शेवटचं. भाषांतर करणारे बहुधा ऑफिसात बसून करतात आणि दुसरा कुणी ते उलट इंग्रजीत करून जुळवतो. 'पुरळ' उलट केलं की 'रॅश'च येतो, त्यामुळे कागदावर सगळं बरोबर दिसतं. आमच्याकडे आई 'चट्टे' म्हणते, 'कंड' म्हणते, 'उष्णता बाहेर पडतेय' म्हणते, 'अंगाला उठतं' म्हणते, कोकणातली एक म्हणते, विदर्भातून आलेली दुसरंच, आणि 'इसब' हा शब्द बहुतेकींना म्हाताऱ्यांच्या पायावरच्या वाहणाऱ्या जखमेसाठीच माहीत असतो. सर्वेक्षणाआधी वीस-तीस आयांना नुसतं विचारा की हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं. जमल्यास सावळ्या कातडीवरचे फोटो दाखवा. आणि पहिल्याच 'नाही'वर मधले प्रश्न सोडायला लावू नका. मला कोपराचा प्रश्न विचारू द्या.

फॉर्मवर त्या प्रश्नाखाली एक रिकामी ओळ ठेवा, 'आईने वापरलेला शब्द' अशी. गेल्या दोन वर्षांत मी माझ्या वहीत असे शब्द लिहून ठेवते आहे, वस्ती आणि गावासकट, मुलाचं नाव न लिहिता. सत्तेचाळीस झाले आहेत. ज्या विभागाला हवे असतील त्यांना वही द्यायला मी तयार आहे, आणि पुढच्या सर्वेक्षणाच्या प्रशिक्षणाला पहिल्या दिवशी येऊन हे शब्द फळ्यावर लिहून दाखवायलाही. रविवार सोडून कधीही बोलवा, रविवारी बहुतेक घरं उघडी सापडतात म्हणून मी फील्डवर असते.

आपली,
घरोघरी फॉर्म भरणारी एक सर्वेक्षक, विक्रोळी